दोन महिने कमी

गोव्यातल्या आमच्या म्हार्दोळच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटला आहे. धाकट्या भावाच्या मुलाला जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने कमी पडतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलीला सहा पूर्ण हवीत, म्हणून तो आणखी एक वर्ष बालवाडीत. भावजयीने लिहिलं, "भुरग्याचें वर्स फुकट वतलें," म्हणजे पोराचं वर्ष फुकट जाणार. मावशीने रडका चेहरा टाकला. निवृत्त मुख्याध्यापक काकांनी धोरणावर चार परिच्छेद लिहिले. मामेभावाने तर ओळख काढली की दोन महिन्यांचं काही होत नाही, असा दिलासाही दिला.

आम्ही बोलतो कोंकणीत आणि लिहितो मराठीत, पण हे 'फुकट' मला दोन्हींत सारखंच टोचतं.

मी फ्रँकफुर्टहून लांबलचक उत्तर टाकलं. इथे हेसन राज्यात ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झाली तरच शाळा सक्तीची होते. माझ्या लेकीला प्रवेशाआधीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी एका पायावर उड्या मारायला लावलं, माणसाचं चित्र काढायला लावलं, आणि अक्षरं येतात का हे विचारलंसुद्धा नाही. शुलट्यूटे, म्हणजे पहिल्या दिवशी देतात तो खाऊ-खेळण्यांचा मोठा कागदी शंकू, कवटाळून ती शाळेत गेली तेव्हा स्वतःच्या नावापलीकडे तिला काही लिहिता येत नव्हतं. आज आठवीत आहे, काही बिघडलेलं नाही. भावजयीचा अंगठा आला. नुसता अंगठा.

तो झोंबला, म्हणून मी पियाजेंना मध्ये आणलं. जाँ पियाजे स्वित्झर्लंडचे बालमानसशास्त्रज्ञ. अमेरिकेत गेले की त्यांना हमखास विचारलं जायचं, मुलांच्या विचारांचे हे टप्पे जरा लवकर गाठता येतील का? ते त्याला 'अमेरिकन प्रश्न' म्हणत. आता तो आमच्या फोंडा तालुक्याचा प्रश्न झालाय. साधारण सातव्या वर्षापर्यंत मूल दिसेल त्यावर विश्वास ठेवतं, हे त्यांचं म्हणणं मी डिसेंबरात घरी ताडून पाहिलं होतं. दोन सारख्या ग्लासांत सोलकढी ओतली, मग एका ग्लासातली भाच्यासमोरच उंच, निमुळत्या ग्लासात. जास्त कशात? उंच ग्लासात, अर्थातच. भावजय लगेच म्हणाली, "अरे, सारखीच आहे. म्हण सारखीच." तो म्हणाला "सारखीच", आणि हात घातला उंच ग्लासाला.

हा किस्सा मी ग्रुपवर टाकला. काय टाकलं नाही ते इथे सांगते.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्कीचं नाव घेतलं नाही. मूल आज कुणाच्या मदतीने जे करतं ते उद्या एकटं करतं, शिकवणं वाढीच्या मागून नव्हे तर जरा पुढून चालतं, असं तो मांडतो. म्हणजे "म्हण सारखीच" म्हणणारी भावजय अगदीच अडाणी ठरत नाही. आणि दुसरं, इथे चौथी संपताना, दहाव्या वर्षी, कोण गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार हे ठरतं. त्या हिवाळ्यातल्या एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, आम्हा सगळ्या आयांचे चेहरे बघायला हवे होते. मी स्वतः गणिताची शिकवणी लावली होती. सहाव्या वर्षी मुलांना उड्या मारू देणारा हा देश दहाव्या वर्षी चाळणी हातात घेतो, हे मी घरच्यांना तेरा वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही.

शिकागोत मानसशास्त्रज्ञ बर्नीस न्यूगार्टन यांनी १९६०च्या दशकात 'सामाजिक घड्याळ' ही कल्पना मांडली. लग्न कधी, नोकरी कधी, मुलं कधी, याचं वेळापत्रक प्रत्येक समाज माणसाच्या डोक्यात बसवतो, आणि आपण वेळेवर आहोत की मागे पडलो हे जो तो त्यावरून ठरवतो. माझं घड्याळ पणजीच्या बँकेत अगदी वेळेवर चाललं होतं. तेहतिसाव्या वर्षी इथे आले, आणि एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून जर्मन नामांची लिंगं, देर-दी-दास, घोकत दोन वर्षं काढली. घरी कुणी म्हटलं नाही की तुझी वर्षं फुकट गेली. मीच म्हणत होते, रोज, एस-बान या लोकलमध्ये.

तेव्हा मला मनोविश्लेषक एरिक एरिक्सनने सावरलं. हा माणूस १९०२ साली याच फ्रँकफुर्टमध्ये जन्मला. शाळेनंतर चित्रं काढत युरोपभर भटकला, पंचविसाव्या वर्षी व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत मास्तर झाला. पदवी कधीच घेतली नाही, तरी पुढे हार्वर्डला प्राध्यापक. स्वतःला शोधायला तरुणपणी समाजाने जी सवड द्यावी लागते, तिला त्याने 'मोरेटोरियम' म्हटलं. खरा बाप कोण हे त्याला कधी कळलं नाही. सावत्र बापाचं आडनाव लावून वाढला, आणि अमेरिकन नागरिक होताना स्वतःच आडनाव घेतलं, एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. अस्मितेचा पेच हा शब्दप्रयोग अशा माणसाने रूढ करावा यात नवल नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की नवरा आता खोलीतून उठून जातो.

एरिक्सनचे सहकारी सुधीर कक्कर मनोविश्लेषण शिकले ते फ्रँकफुर्टमध्ये, आणि उतारवयात राहिले गोव्यात. माझ्या बरोबर उलटा प्रवास. भारतीय मूल आईला आणि गोतावळ्याला दीर्घकाळ बिलगून वाढतं, हे त्यांनी दुबळेपणा न मानता समजून घेतलं. वाचताना बरं वाटलं होतं, आणि थोडा रागही आला होता. हे सगळं जाणून ते तिथे परतले, आणि मी इथे.

एरिक्सनच्या आठ टप्प्यांपैकी मी सातव्यात आहे. मधलं वय, पुढच्यांसाठी काही करायचं, नाहीतर साचून राहायचं. मी युरो पाठवते आणि परिच्छेद पाठवते.

बर्लिनचे मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस म्हणत की वाढ विशीत थांबत नाही, कुठल्याही वयात काही मिळतं, काही सुटतं. म्हातारपणी माणूस मोजक्या गोष्टी निवडतो, त्यांचा सराव वाढवतो आणि उणीव दुसऱ्या कशाने भरून काढतो. ते पियानोवादक रुबिनस्टाइनचं उदाहरण देत. तो थोड्याच रचना वाजवायचा, त्यांचा जास्त सराव करायचा, आणि वेगवान भागाआधी मुद्दाम संथ व्हायचा, म्हणजे पुढचा वेग जास्त भासे. आमची आई अठ्ठ्याहत्तरची. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पूर्वी पाच जिन्नस करायची, आता फक्त नेवऱ्या, म्हणजे करंज्या. कडेला मुरड घालायची ती सोडून कातण फिरवते. लाटते ती, तळते भावजय. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या मांडवीला, काय काय बांधायचं ते आई खुर्चीतून सांगते आणि भावजय बांधते. आईच्या औषधांचा डबा दर रविवारी भरते तीही भावजयच. बाल्टेसच्या हिशेबात भरपाईच्या रकान्यात तिचं नाव आहे, माझं नाही.

काल रात्री तिचा वेगळा मेसेज आला. "ताई, शाळेने नाही म्हटलं. बरंच झालं. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टात करायचं ठरलंय, बालवाडी दुपारीच सुटते, तर तो घरी असेल, त्यांचं मन रमेल. तुम्ही येणार?"

ऑगस्टात आम्ही दोन आठवडे इटलीत गार्दा तळ्यावर आहोत, पैसे भरून झालेत.

मी अंगठा पाठवला.