थाप

परवा संध्याकाळी पुण्यात चांदणी चौकाच्या अलीकडच्या चढावर एका काकांनी माझ्या नव्याकोऱ्या मोटरसायकलच्या टाकीखाली एक थाप मारली आणि गाडी सुरू झाली. निदान तिथं जमलेल्या सात-आठ जणांचं तसं ठाम मत आहे. ते बदलणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही.

गाडी अकरा दिवसांची. ३९८ सीसी, एक सिलिंडर, सहा गियर, पाण्यानं थंड होणारं इंजिन, ४० पीएस ताकद. नाव विलायती, जन्म चाकणचा. वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

चहाच्या टपरीसमोर उतार होता आणि मी गाडी तोंड खाली करून भिंतीला लावली. एवढ्या वजनाच्या गाडीला रिव्हर्स गियर नसतो, हे मला माहीत होतंच. पण माहीत असणं वेगळं आणि गाडीवर बसून दोन्ही चवड्यांनी पेव्हर ब्लॉक खरवडत बसणं वेगळं. उतारावर गाडीचं तोंड नेहमी चढाकडे ठेवायचं आणि पहिल्या गियरमध्ये टाकूनच उतरायचं. मोटरसायकलला हँडब्रेक नसतो, गियरमधलं इंजिन हाच हँडब्रेक. तोंड खाली आणि गाडी न्यूट्रलला असली, तर ती पुढं सरकते, साइड स्टँड मागं दुमडतो आणि गाडी आडवी होते. चुकून तशी लावलीच, तर बसून ढकलू नये. उतरून डाव्या बाजूला उभं राहायचं, गाडी किंचित आपल्याकडे कलती ठेवायची, कंबर सीटला टेकवायची आणि मांड्यांच्या जोरावर मागं रेटायची. तरीही हलली नाही तर पुढचा ब्रेक दाबून हँडलवर वजन टाकायचं. फोर्क, म्हणजे पुढचा शॉक अॅब्सॉर्बर, दबतो, मग वर उसळतो. तो उसळताना ब्रेक सोडून मागं ओढायची. एका झटक्याला चार बोटं येते. चार बोटं ही अपमानाची फार लांब रांग असते.

तिसऱ्या झटक्याला काका आले.

स्प्लेंडर, हँडलला मेथीची पिशवी, सीटवर रेक्झिनचं कव्हर. माणूस सेवानिवृत्त असावा, कारण त्यांना कुठंही जायचं नव्हतं. त्यांनी गाडी स्टँडला लावली, हात मागं बांधले आणि माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"काय हो, किती देते?"

भारतात मोटरसायकलबद्दल हा एकच प्रश्न आहे. बाकीचे सगळे त्याचे उपप्रश्न.

"अठ्ठावीस-तीस देईल," मी धापा टाकत म्हणालो.

काका गप्प झाले. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर माणूस होतो तसे. मग टपरीवाल्याकडे वळून म्हणाले, "अठ्ठावीस देते म्हणे." टपरीवाल्यानं हातातली गाळणी थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"आमची पासष्ट देते. बुलेट आहे का ही?"

"नाही."

"मग बुलेटच्या पैशात बुलेट का नाही घेतली?"

याला उत्तर नव्हतं. त्यांनाही ते नको होतं. त्यांनी माझ्या गाडीची जनगणना सुरू केली. क्लच दाबून पाहिला. "फार हलकाय. तुटेल." मागच्या दीडशे मिलिमीटर रुंदीच्या टायरला अंगठा लावला. "याचं पंक्चर कोण काढणार?" ट्यूबलेस आहे, कुणीही काढतं, असं मी म्हणालो, पण तोवर ते खाली वाकले होते. गाडीची उजवी बाजू वरून खालपर्यंत चाचपून झाली आणि ते सरळ उभे राहिले. आवाजात पहिल्यांदाच खरी काळजी होती.

"किक कुठाय?"

"किक नाही हिला."

"नाही? मग बॅटरी उतरली तर?"

तेवढ्यात टपरीवरचे आणखी दोघं आले. बटाटेवड्याचा कागद हातात असलेल्यानं विचारलं, "किती पडली?" आकडा सांगितला. त्यानं वड्याचा घास तसाच गालात ठेवला.

इथं माझी स्वतःची एक जुनी जखम उघडी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० च्या वर मात्र तो थेट ४० टक्के झाला. माझी ३९८. म्हणजे वरचे ४८ सीसी. कटिंगचा ग्लास भरणार नाही एवढी जागा. तेवढ्यासाठी मी सरकारच्या लेखी चैनीच्या वस्तू वापरणारा इसम झालो. विम्याचंही तेच. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम ५ वर्षांचा काढावा लागतो. जून २०२२ पासूनच्या तक्त्यात १५० ते ३५० सीसीला त्याचे ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७. त्यावर कर वेगळा. पूर्वीची लुना पन्नास सीसीची होती. माझ्या साडेतीनशेवर एक अख्खी लुना बसली आहे आणि तिचा खर्च मी भरतो आहे. ज्या रस्त्याला दर दोनशे मीटरवर सोसायटीनं स्वतःच्या हातानं थापलेला गतिरोधक आहे, त्या रस्त्यासाठी चाळीस टक्के. असो. हे मी तिथं बोललो नाही. वडेवाल्याला फक्त "तीनच्या आतबाहेर" एवढंच सांगितलं.

दरम्यान काकांची जनगणना उजव्या मुठीपाशी पोचली होती. ते एकेक बटण दाबून पाहत होते आणि मी मान खाली घालून गाडी रेटत होतो. चार बोटं, चार बोटं. अखेर गाडी मोकळी झाली. मी बसलो, किल्ली फिरवली. दिवे लागले, काटा वर जाऊन खाली आला. स्टार्टर दाबला.

काही नाही. टिक नाही की टुक नाही.

स्टँड पाहिला. गाडी गियरमध्ये असताना साइड स्टँड खाली राहिला की इंजिन चालत नाही, आणि नव्या गाडीवर हा विसराळूपणा पहिल्या आठवड्यात तीन-चारदा होतोच. स्टँड वर होता. न्यूट्रलचा हिरवा दिवा होता. क्लच दाबून पाहिला. इंजिन ढिम्म.

"कॉइल गेली," काका म्हणाले. आणि इथं एक बारीकसा बदल झाला. इतका वेळ मी त्यांच्यासाठी 'तुम्ही' होतो. गाडी बंद पडल्याबरोबर 'तू' झालो. "चोक दे रे."

"चोक नाही काका. फ्युएल इंजेक्शन आहे."

"किक नाही, चोक नाही. मग आहे काय?"

वडेवाल्यानं गाडी आडवी करायला सुचवलं. त्याच्या वडिलांची चेतक आडवी केली की लागायची. लागायचीच, कारण टू-स्ट्रोक स्कूटर कलली की कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चढायचं. पण इथं कार्ब्युरेटरच नाही, आणि पावणेदोनशे किलो एकदा आडवे झाले की उभे करायची पद्धत वेगळी आहे: हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून सीटला कंबर लावायची, एका हातात मूठ, एका हातात मागची दांडी, आणि पाठ ताठ ठेवून मागं मागं पावलं टाकत उठवायची. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडायचा, नाहीतर उठवलेली गाडी पलीकडे पडते. हे मी त्यांना समजावत असताना त्यांनी सर्वानुमते धक्का स्टार्ट ठरवला.

चौघांनी ढकललं. उतार, दुसरा गियर, क्लच सोडला. मागचं चाक एकदा हुंदका दिल्यासारखं अडलं आणि गाडी थांबली. स्लिपर क्लच असला की चाकाकडून उलटा जोर आल्यावर तो मुद्दाम घसरतो. गियर पटकन उतरवताना मागचं चाक उडू नये म्हणून केलेली ती सोय आहे. धक्का स्टार्टला तीच आड येते. पुन्हा ढकललं. पुन्हा हुंदका. आता टपरीवाल्याचा पोरगाही सामील झाला होता. चहा उतू गेल्याचा वास येत होता.

"थांब," काका म्हणाले. पिशवीतली मेथी सारखी केली. टाकीच्या खाली, डाव्या बाजूला, वैद्यानं नाडी पाहावी तसा हात फिरवला. "इथं कॉन्टॅक्ट लूज असतो."

आणि त्याच क्षणी मला उजव्या मुठीपाशी ते दिसलं. लाल बटण. इंजिन बंद करायचं, किल स्विच म्हणतात ते. जनगणनेत काकांनी ते दाबून तसंच ठेवलं होतं. ते बंद असलं की किल्ली फिरते, दिवे लागतात, फक्त इंजिन लागत नाही. ढकलून तर मुळीच लागत नाही, कारण ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाची एकदा तरी ही फजिती होते. गाडी लागत नसेल तर पहिली नजर त्या लाल बटणावर टाकायची, मग बाकीचं जग.

अंगठ्यानं ते सरकवलं, स्टार्टर दाबला. त्याच वेळी काकांनी थाप मारली.

गाडी गुरगुरून सुरू झाली.

टपरीवर जो आवाज उठला तो मी सामना जिंकल्यावरच ऐकलाय. काकांनी हात झटकले. वडेवाल्यानं विचारलं, "काय केलंत काका?" ते म्हणाले, "काही नाही, अनुभव." मग माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मला खरं सांगता आलं असतं. पण मग ज्याला स्वतःच्या गाडीचं बटण दिसत नाही आणि जो चार माणसांना उतारावर पळवतो, तो तीन लाखांचा गाढव मीच ठरलो असतो.

"हो," मी म्हणालो. "कॉन्टॅक्टच असणार."

एक थाप त्यांनी मारली, एक मी.

त्यानंतर दोन रात्री मला हेच खुपतंय की एकानंही गाडी चालते कशी, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पौडच्या पुढं रस्ता मोकळा झाला की चौथ्या गियरमध्ये पाच हजार फेऱ्यांना तिचा आवाज बदलतो, घसा खाकरून गाणं सुरू करावं तसा. पाच हजारांच्या वर सध्या जायचंही नाही. पहिले हजार किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नको, आणि एकाच वेगावर तासभर चालवणंही नको. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर बसायला कमी-जास्त भार लागतो. सहाव्या गियरमध्ये चाळीसनं रखडवत नेणंही तितकंच वाईट. इंजिन ठोके देतं. नवे टायर गुळगुळीत असतात, पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणात झोकून द्यायचं नाही. पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलणं टाळायचं नाही, घासलेल्या धातूचा बारीक चुरा जुन्यातच असतो. राहिला कर्वे रस्ता. तिथं चाळीस पीएसमधले आठ-दहा वापरता येतात. उरलेले रेडिएटरच्या पंख्यातून नडगीवर येतात. हाफ पँट घालून ही गाडी चालवू नये. लांब सिग्नलला सरळ बंद करावी. हो, किल्लीनं.

आणि मेन स्टँड नाही. शोरूममध्ये गाडी सुंदर दिसते त्यातलं निम्मं सौंदर्य मेन स्टँड नसल्याचं असतं. दर पाचशे किलोमीटरला आणि प्रत्येक पावसानंतर चेन साफ करून वंगण मारायचं. मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड नसला तर काय होतं? चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला मागचं चाक साधारण अडीच वेळा फिरावं लागतं आणि चाकाचा घेर दोन मीटरला जरासा कमी. म्हणजे गाडी वीत-वीत करत पाच मीटर ढकलायची, प्रत्येक वितीला खाली बसायचं, आतल्या बाजूनं स्प्रे मारायचा, उठायचं. मऊ ब्रश आणि रॉकेल चालतं. पेट्रोल आणि तारेचा ब्रश चालत नाही, कड्यांमधल्या रबरी रिंगा जातात. इंजिन चालू ठेवून, गियरमध्ये चाक फिरवत चेन पुसणाऱ्यांचं एखादं बोट हमखास आखूड असतं. पार्किंगमध्ये हा उठाबशांचा कार्यक्रम चालू असताना वॉचमननं विचारलं, "साहेब, काही हरवलं का?"

शेवटी मीही अॅव्हरेज काढलंच. टाकी ते टाकी. एकाच पंपावर, गाडी सरळ उभी करून, नळीच्या तोंडाखालपर्यंत. गळ्यापर्यंत भरायची नसते. बीएस-६ गाड्यांत पेट्रोलची वाफ पकडणारा एक डबा असतो, त्यात पेट्रोल शिरलं की तो खराब होतो. ट्रिप मीटर शून्य केला, २३२ किलोमीटर झाल्यावर पुन्हा तेवढंच भरलं. ८.१ लिटर. अठ्ठावीस पूर्णांक सहा. पंपावरच्या मुलाला मी न विचारता सांगून टाकलं.

आज सकाळी त्याच टपरीवर गेलो. चहा चांगला असतो, तो काय करणार. गाडी नीट लावली, तोंड चढाकडे, पहिला गियर. निघताना किल्ली फिरवली, लाल बटण पाहिलं, स्टार्टरवर अंगठा ठेवला. तेवढ्यात टपरीवाल्याचा पोरगा हातातले ग्लास खाली ठेवून धावत आला आणि टाकीखाली डाव्या बाजूला पटकन एक थाप मारली.

"काकांनी सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "मारा आता स्टार्टर."

मारला. लागली.