कचऱ्याची वीज आणि फुकटच्या टाळ्या

सकाळपासून वॉर्डाच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. कचऱ्यापासून वीज होणार, सांगलीची महापालिका मालामाल होणार. खाली टाळ्याच टाळ्या. अहो, हिशेब तरी मांडा कुणीतरी!

रोज 5 टन कचरा घेणारा बायोगॅस प्लांट घ्या. ओला कचरा नीट निवडलेला असेल तर टनाला 80 घनमीटर गॅस धरू, म्हणजे 400. छोट्या इंजिनवर घनमीटरला दीड युनिट, झाले 600 युनिट. त्यातले शंभरेक क्रशर, पंप आणि स्टिररच खातात. उरलेल्या 500 ला 6 रुपये दर धरला तरी दिवसाचे 3,000. पाच-सहा माणसांच्या हजेरीतच उडाले. इंजिनाचं ऑइल, गॅसमधलं गंधक काढणारा स्क्रबर, घंटागाड्यांचं डिझेल कशातून भागवणार?

हे सगळं सुरळीत चाललं तर. अशाच एका प्लांटवर ओल्या कचऱ्यातून जुन्या साडीचा तुकडा आला, क्रशरच्या शाफ्टला गुंडाळला आणि बेअरिंग गेलं. दुरुस्ती होईपर्यंत कचरा बाहेर आंबला. मग तो सगळा एकदम टाकीत ढकलला. टाकी आंबट झाली, पीएच 6 च्या खाली, गॅस बंद. चुना टाका, शेणकाला घाला, हळूहळू फीड वाढवा, टाकी ताळ्यावर यायला आठवडे जातात. एका साडीपायी!

“मग जाळून टाका की.” जाळा. पण मिक्स कचऱ्यात निम्मं पाणी, ते उडवण्यातच उष्णता जाते. बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, तोही निम्मा ओलाच असतो, हे साखर कारखान्यात त्यावर वीज करणाऱ्या को-जनवाल्यांचं म्हणणं खरं आहे. पण तो किलोला 2,200 किलोकॅलरी देतो आणि रोज सारखाच येतो. आपल्याकडे झाडलोटीची मातीही त्याच गाडीत. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली रोज 300 टन कचरा जाळणारी भट्टी उभी केली, 1,400 च्या वर किलोकॅलरी मिळतील असं धरून. कचरा निघाला त्याच्या निम्म्या ताकदीचा. तीन आठवड्यांत बंद! शिवाय नियमाने धूर 950 अंशांवर 2 सेकंद ठेवायचा, पुढे तो साफ करायला चुना, कार्बन, बॅग फिल्टर. ते काय फुकट येतं?

डेपोवरचा ढीग कमी होतो, मिथेन हवेत जात नाही, हे मान्य. त्यासाठी प्लांट जरूर करा, पण कमाईची स्वप्नं दाखवू नका.

राग खरं तर प्लांटवर नाहीच. समडोळी रोडचा कचरा डेपो असो की बेडग रोडचा, तसली साडी शेवटी कुणीतरी हाताने ओढून काढतं. कचरा निवडणाऱ्या त्या बायकांना धड हातमोजे मिळाले तरी क्रशर जास्त दिवस चालेल. आणि फळ मार्केटचा माल वेगळ्या गाडीने थेट प्लांटवर आणा, त्यात चिंध्या नसतात. फक्त आंबट फळं एकदम ओतू नका.

टेंडर निघालं की विजेच्या दराआधी टिपिंग फी बघा, म्हणजे कचरा घेण्यासाठी महापालिका ठेकेदाराला टनामागे देते ते पैसे, कारण ठेकेदार जगतो तो त्यावरच. रोज अमुक टन कचरा देण्याची हमी महापालिकेने लिहून दिलीय का, तेही वाचा. दिली असेल, तर कचरा कमी पडला की दंड आपल्याच घरपट्टीतून जाणार.