साखळ्या गावाने घातल्या होत्या (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, नमस्कार.

तुमच्या कमेंटला खालीच उत्तर लिहायला बसलो होतो पण ते वाढत वाढत एवढं झालं की वेगळंच टाकतोय, राग मानू नका. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या आठवड्यात मी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या ५व्या अध्यायातल्या, गरसेकरांच्या मुलुखातल्या त्या माणसावर ‘प्रभू सोडवतो’ या शीर्षकाचा लेख लिहिला होता, जो कबरांमध्ये राहायचा, रात्रंदिवस ओरडत फिरायचा, दगडांनी स्वतःचं अंग ठेचून घ्यायचा, आणि येशूने त्याला अशुद्ध आत्म्यांपासून सोडवलं. त्यावर ताईंनी, ज्या मनोरुग्णांमध्ये सोशल वर्करचं काम करतात, चार गोष्टी सुनावल्या. तो माणूस सरळसरळ आजारी होता आणि त्याला भूतग्रस्त म्हणत राहणं हाच कलंक आहे. असलं वाचून लोक पेशंटला दवाखान्यात न्यायचं सोडून सुटकेच्या सभेला, म्हणजे भूत काढायच्या प्रार्थनासभेला, नेतात. एका माणसासाठी दोन हजार डुकरं बुडवली ही कसली करुणा. आणि तो बिचारा ‘मला सोबत ने’ म्हणून विनवतो तर येशू चक्क नाही म्हणतो. शेवटची ओळ अशी होती, ‘तुमच्या देवाला भूत काढता येतं, माणूस सोबत ठेवता येत नाही.’ लागलं हे वाक्य. दोन दिवस डोक्यात होतं.

सभेपासून सुरू करतो, कारण बाकी तिन्हींवर आपण चहा पीत वाद घालू शकतो, या मुद्द्यावर माणसं मरतात. जर्मनीत १९७६ साली एक २३ वर्षांची मुलगी, एपिलेप्सीचं निदान आधीच झालेलं, महिनोन्महिने भूत काढण्याचे विधी चालले आणि शेवटी अन्नावाचून गेली. विधी करणारे दोन पाद्री होते, बिशपची परवानगी होती, आईवडील जवळच होते, आणि १९७८ साली कोर्टाने चौघांनाही दोषी धरलं. आपल्याकडे ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात आग लागली, तिथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवायचे, त्यांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. म्हणजे हे कुठल्या एका धर्माचं दुखणं नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या गोळ्या अशाच एका सभेनंतर घरच्यांनी बंद केल्या, ‘आता तू मोकळा झालास’ म्हणून, आणि नंतर त्याचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही असे रोज बघता.

म्हणून महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, जो दाभोलकरांचा खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आणि मग डिसेंबरात कायदा म्हणून आला, तो आमच्या ख्रिस्ती लोकांतल्या काही जणांना आपल्यावर रोखलेला वाटतो ना, ते मला कधीच पटलेलं नाही. त्याच्या अनुसूचीत पहिल्यांदा काय लिहिलंय बघा, भूत उतरवायच्या बहाण्याने माणसाला दोराने नाहीतर साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. आता हे मार्क ५ च्या शेजारी ठेवून वाचा. त्या गोष्टीत बेड्या आहेत, साखळदंड आहेत, पण ते गावाने घातलेले आहेत. पुन्हा पुन्हा घातले आणि त्याने पुन्हा पुन्हा तोडले. येशू कोणाला ‘धरा रे याला’ म्हणत नाही, शिष्यांना हात लावायला लावत नाही, मारत नाही, उपाशी ठेवत नाही, घरच्यांकडून काही घेत नाही. मग माणसाला बडवल्याशिवाय भूत जात नाही ही आयडिया आमच्या लोकांकडे आली कुठून? या अध्यायातून तर नाही आली.

आणि गोळ्यांचं म्हणाल तर हीच गोष्ट लूकनेही ८व्या अध्यायात सांगितलीय, आणि प्रेषित पौल बायबलमधल्याच कलस्सैकरांच्या पत्रात त्याच लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा करतो. वैद्याने लिहिलेलं शुभवर्तमान हातात धरून औषधं बंद करायला सांगणाऱ्याला काय म्हणावं मला सुचत नाही.

आता तुमचा पहिला मुद्दा, आजार की भूत. इथे आपलं थोडं बिनसणार आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान मी करणार नाही आणि तुम्हीही करू नये असं मला वाटतं, जरी लूक सांगतो तसं अंगावर कपडे नसणं, घरात न राहणं, झोप नाही, स्वतःला इजा, हे सगळं वाचून तुमच्या डोळ्यांसमोर कोणीतरी ओपीडीतलं उभं राहिलं असेल हे मला समजतं. पण मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे त्यात भूतग्रस्त वेगळे आहेत, फेफरेकरी वेगळे आहेत, पक्षघाती वेगळे. म्हणजे त्या काळच्या लोकांना आजार काय असतो हे कळतच नव्हतं, सगळंच भूत, असं नाहीये. (लगेच तुम्ही मत्तय १७ काढाल, तिथे फेफरं येणाऱ्या मुलातून भूत निघतं. बरोबर आहे. शास्त्रात ही रेघ आपल्याला हवी तेवढी सरळ नाही.)

मी दुष्ट आत्मे मानतो का? मानतो. लपवत नाही. पण ते मानतो म्हणूनच मला वाटतं की ते ओळखण्याचं काम हातात माइक असलेल्या प्रत्येकाने करू नये. कॅथलिक चर्चचा भूत काढण्याचा जुना विधी १६१४ चा आहे आणि त्यातसुद्धा सुरुवातीलाच बजावलंय की कोणाला भूतबाधा झालीय यावर चटकन विश्वास ठेवू नका. १९९९ मध्ये तो विधी सुधारला, आजही बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय पाद्र्याला ते करता येत नाही. अर्थात जर्मनीत परवानगी होतीच, तेव्हा नुसत्या परवानगीवरही माझा भरवसा नाही.

आणि ‘आजार’ म्हटलं की कलंक जातो हे मला तितकंसं खरं वाटत नाही ताई. तुमच्याच कामातलं बघा, पेशंट औषधांनी बरा होतो, डिस्चार्जचा कागद तयार असतो, आणि घ्यायला कोणी येत नाही. पत्ता बदललेला असतो, फोन उचलत नाहीत. तिथे ‘सिझोफ्रेनिया’ हा शब्द वापरलाय म्हणून भावाने दार उघडलं असं होत नाही ना. त्या माणसाला छळणारं जे काही होतं त्यातलं किती त्याच्या डोक्यात होतं आणि किती गावात, हे मला मार्क वाचताना दर वेळी वाटतं.

बघा ना, हे सगळं घडतं कुठे. गालील समुद्राच्या पूर्वेला, दकापलीस म्हणजे दहा ग्रीक नगरांचा पट्टा, परक्यांचा मुलूख. नेमकी जागा कोणती यावर भरपूर वाद आहेत, गरसा शहर तर सरोवरापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे, गदारा जवळ आहे, आणि अगदी काठावर कुर्सी म्हणून जागा आहे जिथे १९७० मध्ये रस्ता करताना बायझंटाइन काळातला मठ सापडला, म्हणजे जुन्या ख्रिस्ती लोकांनी तरी हीच ती जागा धरली होती. ते असो. येशू तिकडे जातो कसा, तर संध्याकाळी होडीत बसून, वाटेत वादळ, शिष्यांची बुडायची वेळ आलेली, आणि किनाऱ्याला लागल्यावर समोर येतो हा. कबरा आहेत, डुकरं आहेत, आणि बायबलच्या गणना या पुस्तकातल्या १९व्या अध्यायाप्रमाणे कबरेला नुसता स्पर्श झाला तरी ज्यू माणूस सात दिवस अशुद्ध. तिथे तो उतरतो, या एकाशी बोलतो, मग गावकरी म्हणतात आमच्या हद्दीतून जा, की परत होडीत. पलीकडे दुसरं काहीच केलं नाही. प्रवचन नाही, गर्दी नाही, आख्खी खेप त्या एका माणसासाठी.

आणि त्या माणसाचं पहिलं बोलणं ऐका, मला छळू नकोस म्हणतो, देवाची शपथ घालतो. ते त्याच्या तोंडून आत्मे बोलत होते असं आम्ही म्हणतो, ठीक आहे, पण हे वाक्य मला दुसऱ्याही बाजूने ऐकू येतं. आजपर्यंत त्याच्याजवळ जो आला तो साखळी घेऊन आला, मग हा आलेला तरी वेगळं काय करणार आहे असं त्याला वाटणारच. येशू त्याला नाव विचारतो. गोष्टीत त्याला काहीतरी विचारणारा हा एकटाच आहे.

डुकरं. हं. इथे माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाहीये आणि जे देतात त्यांच्यापासून मी लांब राहतो. आत्म्यांनी मागितलं, येशूने जाऊ दिलं, सुमारे दोन हजारांचा कळप कड्यावरून पाण्यात गेला असं मार्क सांगतो. राखणारे गरीब असतील, त्यांचं पोट त्यावर असेल, आणि डुकरांनी काय घोडं मारलं होतं हा प्रश्न माझी मुलगीपण विचारते. काही अभ्यासक म्हणतात की तो आपलं नाव ‘सैन्य’ सांगतो ना, ते रोमन सैन्याचं पथक, पाच-सहा हजारांचं, आणि पुढे इ.स. ७० मध्ये यरुशलेम पाडणाऱ्यांत जी दहावी तुकडी होती तिच्या निशाणांत रानडुक्कर होतं, तेव्हा डुकरं बुडाली म्हणजे रोमन सत्ता बुडाली. वाचायला भारी वाटतं पण मला ते जरा जास्तच हुशारीचं वाटतं, आणि दगडाने अंग फोडून घेणारा माणूस नुसता राजकारणाचं चिन्ह करून टाकला की तो पुन्हा एकदा नजरेआड होतो. मला एवढंच दिसतं की नुकसान खरं होतं, मोठं होतं, आणि मार्कने ते लपवलं नाही, आकड्यासकट लिहून ठेवलं. गावकऱ्यांना माणूस बरा झाल्याचं आणि डुकरं गेल्याचं दोन्ही एकदमच सांगितलं गेलं आणि त्यांनी येशूला जायला सांगितलं. मी त्यांना फार शिव्या देणार नाही. आपल्या शेजारच्या प्लॉटवर मनोरुग्णांसाठी घर उभं राहतंय म्हटल्यावर सोसायट्या फ्लॅटच्या रेटचं गणित मांडतातच की.

पण एक गोष्ट राहून राहून खटकते. तो ओरडत होता, साखळ्या तोडत होता तेव्हाचं त्यांचं भय समजतं. मार्क मात्र ‘ते भ्याले’ असं नेमकं कुठे लिहितो, तर तो कपडे घालून, शुद्धीवर येऊन, शांत बसलाय हे बघितल्यावर. कबरांमध्ये असताना तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आता तो गावात येणार, बोलणार, कदाचित वाटणीही मागणार, आणि साखळी कोणी कोणी धरली होती हे त्याला आठवत असणार.

आता तुमचा चौथा मुद्दा, जो मला लागला. ‘सोबत ठेवता येत नाही.’ ताई, आमच्या सभांमध्ये काय होतं ते बघितलंय तुम्ही? ज्याची सुटका झाली त्याला स्टेजवर आणतात. आधी कसा होता ते सांगायला लावतात, मग पुढच्या गावच्या सभेत परत तेच, व्हिडिओ निघतो, यूट्यूबवर जातो, खाली लाखभर व्ह्यूज, आणि तो माणूस आयुष्यभर ‘तो भूतवाला’च राहतो, फक्त आता बरा झालेला भूतवाला. विचार करा, येशूकडे केवढा मोठा चान्स होता, दोन हजार डुकरांची साक्ष पाठीशी असलेला माणूस, स्वतःहून यायला तयार, गालीलभर फिरवला असता तर कोणाची हिंमत होती प्रश्न विचारायची. तो म्हणतो, घरी जा, आपल्या माणसांकडे जा, प्रभूने तुझ्यावर किती दया केली ते त्यांना सांग. ज्या घराने बाहेर टाकलं त्याच घरी. तुम्हाला हा नकार वाटतो, मला वाटतं सगळ्या अध्यायातलं सगळ्यात अवघड काम हेच होतं, भूत काढण्यापेक्षाही, कारण ते येशूने एकट्याने करायचं नव्हतं, दार कोणीतरी आतून उघडायला हवं होतं.

तुमच्या क्षेत्रात डॉ. भरत वाटवानींना कोण ओळखत नाही, २०१८ चं मॅगसेसे मिळालेले. त्यांच्या कर्जतच्या ‘श्रद्धा’मध्ये रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणतात, आंघोळ, कपडे, औषधं, आणि नंतरचं मोठं काम म्हणजे घर शोधून तिथवर पोचवणं, मग ते बिहारात असो की आसामात. मी कधीकधी आमच्या पाळकांना म्हणतो की मार्क ५:१९ वर, म्हणजे त्या ‘घरी जा’वर, प्रवचन करायचंय तर आधी एकदा कर्जतला जाऊन या. अजून कोणी गेलेलं नाही!

त्या माणसाचं पुढे काय झालं हे मार्क एका ओळीत सांगतो, तो दकापलीसभर सांगत सुटला आणि सगळे थक्क झाले. घरच्यांनी घेतलं की नाही ते लिहिलेलं नाही. पण दोन अध्यायांनंतर येशू पुन्हा त्याच भागात येतो तेव्हा कोणी हाकलत नाही, उलट लोक एका बहिऱ्या माणसाला घेऊन येतात आणि याच्यावर हात ठेव म्हणून विनवतात. मधल्या काळात तिथे कोणीतरी काहीतरी बोललेलं असणार.

तर मूळ लेखाचं शीर्षक मी बदलत नाहीये, ‘प्रभू सोडवतो’ तसंच राहील, मी ते मानतो. पण तुमच्या कमेंटमुळे त्या लेखाच्या अगदी वरती, पहिल्या ओळीच्याही आधी, ठळक अक्षरात टाकलंय: गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, कोणीही सांगितलं तरी, बांधून ठेवणं आणि मारणं हा गुन्हा आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. त्यात अजून काही घालायला हवं असेल तर सांगा, लगेच घालतो. आणि मत्तय एकाऐवजी दोन माणसं का सांगतो हे खाली दुसऱ्या एका वाचकाने विचारलंय, त्यांना वेगळं उत्तर देतो, नाहीतर हे आज संपायचं नाही.