सागवानी दाराची एका दुपारीत वाट कशी लावावी

मुहूर्त श्रावणातलाच धरा. डब्यातले पापड सादळलेत, दार फुगून चौकटीत अडकतंय, म्हणजे वेळ अगदी जुळून आलीय. आधी सुताराला बोलावून कडेला दोन सूत, म्हणजे पाव इंच, रंधा मारून घ्या. एप्रिलमध्ये लाकूड आकसेल आणि फटीतून जिन्यावरचा दिवा दिसेल, पण तोवर सुतार पैसे घेऊन गेलेला असेल.

दार बिजागऱ्यांवरून उतरवायचं नाही. स्क्रू काढा, पुन्हा लावा, कोणी सांगितलंय? कडी-कोयंडाही राहू द्या. पितळेवर पॉलिशचे ओघळ सुकले की त्याला अँटिक म्हणता येतं.

वर जुना ऑइलपेंट असेल तर खोली बंद करून, तोंडाला काही न बांधता, कोरडाच घासा. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 मध्ये. तुमच्या दारावरचे चार-पाच थर त्याआधीचे. ती धूळ फरशीवर बसते आणि रांगणारं मूल तिथूनच हात तोंडात घालतं. रिमूव्हर लावा, रंग फुगेपर्यंत थांबा, पत्र्याने खरवडा, ओला कचरा पिशवीत भरा, ही कामं रिकामटेकड्यांची.

आता घासायचा पेपर. खरखरीत 80 नंबरवरून थेट बारीक 220 वर उडी मारा. मधले 120 आणि 180 दुकानदाराने खपवायला काढलेत. 80 च्या खोल रेघा 220 ला निघत नाहीत, त्यांच्या कडा फक्त गुळगुळीत होतात. हात फिरवलात तर रेशीम. पॉलिशचा पहिला हात बसला की रेघेत रंग जास्त मुरतो आणि मांजराने ओरबाडल्यासारखं दार समोर उभं राहतं. प्रत्येक नंबराआधी पेन्सिलने हलक्या रेघोट्या मारून त्या पुसल्या जाईपर्यंत घासणारे, बाजूने बॅटरी धरून बघणारे लोक असतात. त्यांना संसार नसतो.

क्रमही उलटा ठेवा: आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, शेवटी पट्ट्यांमधली फळी, म्हणजे पॅनेल. सांध्यावर लाकडाचे धागे काटकोनात वळतात. आडवी पट्टी घासताना पेपर दोन-तीन इंच उभीवर जातोच, आणि तिथल्या आडव्या रेघा काढायला नंतर कोणी येत नाही. पॅनेल, आडवी, उभी असा क्रम लावला असता तर उभीच्या शेवटच्या हातात त्या आपोआप निघाल्या असत्या. असो. पॅनेलभोवतीच्या नक्षीच्या कडेवर मशीनच चालवा. जुन्या कारागिराने काढलेली धार दहा सेकंदांत साबणाच्या वडीसारखी होते. पेपरची घडी करून बोटाने घासत बसलात तर दुपार जाईल.

पॅनेल खाचेत सैल बसलेलं दिसेल. सुताराची चूक समजून त्या फटीत फेविकॉल आणि भुसा ठासून भरा. मुळात ते चिकटवलेलं नसतं, कारण रुंदीत ते पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आता आकसायला जागा नाही, तेव्हा मेमधल्या एखाद्या रात्री मधोमध तडकेल. आवाजाने दचकू नका.

पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचंच, आणि बाहेर धो-धो कोसळत असताना. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि दारावर दुधाळ साय धरते. पाहुण्यांना सांगा, व्हाइट वॉश फिनिश आहे. मागचा हात सुकायची वाट बघू नका. पॉलिशचा बोळा चिकटून खालचाच थर उचलून आणतो, तेवढंच टेक्स्चर.

दाराची वरची आणि खालची कड कोरीच ठेवा, तिथं कोण वाकून बघतंय? उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं नेमकी तिथंच उघडी असतात आणि ओल सगळ्यात आधी तिथूनच पितात. पुढच्या श्रावणात दार पुन्हा अडकेल. सुताराचा नंबर खोडू नका.