आयरिश ट्यून्सना संगीतकार नसतो म्हणे, मग टॉमी पीपल्सचं काय करायचं?

फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, एका छान क्लिपसोबत एक पोस्ट फिरतेय सध्या. म्हणे आयरिश लोकसंगीतातल्या ट्यून्स शेकडो वर्षं जुन्या, त्यांना संगीतकार नसतोच, फिडलवाले नुसतं ऐकून वाजवतात. टॉमी पीपल्सही त्यातलाच, सत्तरच्या दशकातल्या बॉथी बँड या आयरिश लोकसंगीताच्या बँडमुळे नाव झालं, बँड सुटला तसा माणूस संपला. आणि वर हे, की सगळे आयरिश फिडलवाले सारखेच वाजवतात, फरक फक्त स्पीडचा. क्लिप मस्तच आहे, खालचा मजकूर मात्र जवळपास सगळा चुकलाय.

आधी संगीतकाराचं बघू. कितीतरी जुन्या ट्यून्सचा कर्ता कुणालाच माहीत नाही, इथपर्यंत मान्य. पण 'द ग्रीन फील्ड्स ऑफ ग्लेनटाउन' नावाचा रील (वेगवान नाचाची ट्यून) पबमधल्या सेशनमध्ये, म्हणजे सगळे जमून वाजवतात तिथे, सुरू झाला की कुणालाही वाटेल हा पणजोबांच्या काळचा असणार, आणि तो आहे टॉमी पीपल्सचा, १९४८ मध्ये आयर्लंडच्या डोनेगल काउंटीतल्या सेंट जॉन्स्टनजवळ जन्मलेल्या आणि २०१८ मध्ये गेलेल्या माणसाचा. होतं काय, सेशनमध्ये कुणी अनाउन्समेंट करत नाही, एकजण सुरू करतो, बाकीचे घुसतात, घरी जाऊन तीच वाजवतात, यात पहिलं गळून पडतं ते संगीतकाराचं नाव. एड रीव्हीचं तसंच झालं. आयर्लंडच्या कॅव्हन काउंटीतून लहानपणी अमेरिकेत गेलेला, फिलाडेल्फियात प्लंबिंग करून पोट भरणारा हा माणूस, शंभरावर ट्यून्स केल्या त्याने, आणि त्या आयर्लंडला परत पोचून जुन्या म्हणून वाजायला लागल्या!

'नुसतं ऐकून' हेही अर्धवटच. टॉमी लहानपणी चुलतभावाकडे, जो कॅसिडीकडे शिकला. आणि २०१५ मध्ये त्याने 'ओ आम गो हाम' हे जाडजूड पुस्तक काढलं, त्यात फिडल कसं शिकायचं ते आहेच, शिवाय स्वतःच्या १३० च्या आसपास ट्यून्स नोटेशनसकट. आता बोला, संगीतकार नसतो!

बँडचं तर तारखाच सांगतात. बॉथी बँडमध्ये तो १९७५ ला सुरुवातीपासून होता, डोनल लनी, मॅट मोलॉय, पॅडी कीनन अशी तगडी मंडळी सोबत, पण एक अल्बम झाला आणि १९७६ मध्ये तो बाहेर पडला, जागेवर केविन बर्क आला. एवढाच काळ. त्याआधी डब्लिनमध्ये थोडे दिवस चक्क पोलिसात होता, मग आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर काउंटीत किलफेनोरा केली बँड या नाचासाठी वाजवणाऱ्या बँडसोबत वाजवलं. आणि 'संपल्यावर' काय केलं? त्याच १९७६ मध्ये पॉल ब्रेडीच्या गिटारसोबत 'द हाय पार्ट ऑफ द रोड', १९७८ मध्ये मोलॉय आणि ब्रेडीसोबतचा तो अल्बम जो आजही लोक शिकण्यासाठी लावून बसतात, १९८५ मध्ये 'द आयर्न मॅन', १९९८ मध्ये 'द क्वायट ग्लेन'. टीजी-फोर या आयरिश भाषेतल्या चॅनेलने संगीताचे पुरस्कार सुरू केले तेही १९९८ मध्येच, आणि पहिलाच टॉमीला दिला, बँड सोडून बावीस वर्षं झालेली तेव्हा. असं संपणं कुणाच्या नशिबी असतं?

राहिलं 'सगळे सारखेच'. हे वाचून मला जरा रागच आला खरंतर. डोनेगलमध्ये गज छोटा छोटा चालतो, बऱ्याचदा एका स्वराला एक फटका, आवाज धारदार, आणि स्कॉटलंड जवळ म्हणून तिकडच्या ट्यून्सची सरमिसळ. क्लेअरमध्ये त्या मानाने निवांत, गोलाई जास्त. खाली कॉर्क-केरीच्या सीमेवर स्लीव लूक्रा भागात पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या ट्यून्सचं राज्य. टॉमी मूळचा डोनेगलचा, राहिला बरीच वर्षं क्लेअरमध्ये, तरी ऐकल्याबरोबर ओळखू येतो तो त्याच्या ट्रिपलेट्समुळे, गजाच्या तीन बारीक झटक्यांत तीन स्वर, इतके करकरीत की स्वर कमी आणि खरखर जास्त वाटावी. नवख्याला ते ओबडधोबड वाटेल, पण मुद्दाम केलेलं असतं ते, लय तिथेच उचलली जाते. अन् स्पीडचंच म्हणाल तर त्याच्यापेक्षा फास्ट वाजवणारे आज ढिगाने सापडतील, तो खरखरीत ट्रिपलेट मात्र तसाच्या तसा कुणाच्या हातून निघालेला मी तरी अजून ऐकला नाही.