फोटोतला ‘झोपाळू ससा’ ससा नाही

अर्धवट मिटल्या डोळ्यांच्या एका प्राण्याचा फोटो ‘अर्जेंटिनाच्या मैदानात बिळं खणणारा ससा’ म्हणून फिरतोय. तो ससा नाही, चिंचिलाच्या कुळातला ‘विस्काचा’ नावाचा प्राणी आहे. म्हणजे उंदीर-खारींच्या गणातला. शिवाय फोटोतला डोंगरी विस्काचा अँडीजच्या कड्याकपारीत राहतो. बिळं खणतो तो पंपासच्या गवताळ प्रदेशातला त्याचा मैदानी भाऊबंद. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, नर चांगला ७-८ किलोपर्यंत भरतो. हाडं, काटक्या, दगड, जे सापडेल ते बिळाच्या तोंडाशी आणून टाकायची याला भारी हौस. डार्विनने १८३०च्या दशकातल्या प्रवासात नोंदवलेला किस्सा आहे: अंधारात घोड्यावरून जाताना घड्याळ हरवलेल्या गृहस्थाने सकाळी वाटेवरची बिळं धुंडाळली आणि घड्याळ मिळालं. फॉरवर्ड करायचं तर हे करा की!