मारा आणि सेरेंगेटी एकाच सहलीत: एका सविस्तर प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मनापासून आणि मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. नकाशावर केनियातलं मासाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी एकमेकांना चिकटून आहेत, मधे कुंपणही नाही, मग "ऑगस्टमध्ये दोन्ही एकत्र करू नका" असं लेखात सांगून मी लोकांना उगाच घाबरवतोय. तुम्हाला सात दिवसांत मारा, सेरेंगेटी आणि गोरोंगोरो (टांझानियातलं ज्वालामुखीच्या विवराचं संरक्षित क्षेत्र) अशी सहल मिळते आहे. मी सुचवलेल्या फेब्रुवारीत स्थलांतर करणारे विल्डबीस्ट (एक प्रकारची मोठी हरणं) नदी ओलांडताना दिसत नाहीत, मग जायचं कशाला? मी धरलेला खर्च फुगवलेला आहे. आणि एका उद्यानातून दुसऱ्यात विमानाने जाता येतं, हे मी लिहिलंच नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं पूर्णपणे बरोबर आहे. तो पर्याय लेखात यायलाच हवा होता. माराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने मिगोरीला जायचं, तिथून गाडीने इसेबानिया-सिरारीच्या सीमा चौकीवर दोन्ही देशांचे सोपस्कार करायचे, मग तारिमेच्या धावपट्टीवरून दुसऱ्या विमानाने सेरेंगेटीच्या उत्तरेतल्या कोगाटेंडे किंवा मध्यातल्या सेरोनेराला उतरायचं. सकाळी निघालं तर दुपारी सेरेंगेटीत पोचता येतं. सामानाची मर्यादा मात्र कडक आहे. बहुतेक कंपन्या हातातल्या पिशवीसकट माणशी १५ किलोच नेऊ देतात, आणि तेही मऊ बॅगेत. या विमानांच्या पोटाखालचा सामानाचा कप्पा इतका बुटका असतो की चाकांची टणक सूटकेस त्यात शिरतच नाही.

आता नकाशाकडे येऊ. कुंपण नाही हे खरंच, पण ते जनावरांसाठी. माराच्या दक्षिण टोकाला सँड रिव्हर गेट आहे आणि पलीकडे सेरेंगेटीच्या हद्दीत बोलोगोंजा. १९७७ साली पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला आणि टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. १९८३ साली सीमा उघडली, पण ही वाट पर्यटकांसाठी पुन्हा खुली झाली नाही. ती उघडली तर सगळे पर्यटक नैरोबीतूनच ये-जा करतील आणि टांझानियाच्या हाती फारसं काही लागणार नाही, ही तिथल्या व्यावसायिकांची जुनी भीती आहे, आणि ती मला समजते. म्हणजे सँड रिव्हरला उभं राहिल्यावर सेरेंगेटी डोळ्यांसमोर दिसतं, पण तिथे जायला पश्चिमेकडून मोठा वळसा घालावा लागतो.

तो वळसा असा. मारा ट्रँगलच्या (माराचा पश्चिमेकडचा भाग) ओलोलोलो गेटमधून सकाळी सहाला बाहेर पडायचं. लोलगोरियनवरून मिगोरीच्या रस्त्याला लागून इसेबानिया गाठायला साधारण चार तास. सीमेवर एक-दीड तास धरा. केनियाची सहलीची गाडी टांझानियाच्या उद्यानात चालत नाही, त्यामुळे इथे गाडी आणि चालक-गाइड दोन्ही बदलतात आणि सगळं सामान उतरवून चढवावं लागतं. पुढे तारिमे, बुंडा आणि सेरेंगेटीच्या पश्चिम पट्ट्याचं न्डाबाका गेट, म्हणजे आणखी तीनेक तास. न्डाबाकाहून सेरोनेरा साधारण १४० किलोमीटर आत आहे आणि अंधार पडल्यावर उद्यानात गाडी चालवायला बंदी आहे. म्हणून दुपारी चारच्या आत न्डाबाका गाठता आलं नाही, तर त्या रात्री सेरोनेरा विसरायचं. सीमेवर एक तास जास्त गेला किंवा दुसऱ्या बाजूची गाडी उशिरा आली की हेच होतं. मुक्काम सेरोनेराला आरक्षित असतो, पैसे भरलेले असतात आणि माणसं गेटबाहेर असतात.

तुमच्या सात दिवसांच्या सहलीला हेच लावून बघा. पहिला दिवस नैरोबी ते मारा. दुसरा मारात. तिसरा सीमा ओलांडून सेरोनेरा, म्हणजे दहा-बारा तास गाडीत. चौथा सेरोनेराला. पाचवा गोरोंगोरोकडे, सहावा तिथलं विवर बघून अरुषा शहर, सातवा नामांगाच्या सीमा चौकीमार्गे नैरोबी. पूर्ण दिवस प्राण्यांसोबत मिळतात ते दोनच, दुसरा आणि चौथा. त्यातही ऑगस्टमध्ये सेरेंगेटीतले मोठे कळप अगदी उत्तरेला, कोगाटेंडे आणि लामाईच्या पट्ट्यात असतात. सेरोनेराहून कोगाटेंडे बरंच लांब आहे, एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही. म्हणजे ज्या स्थलांतरासाठी तुम्ही ऑगस्ट निवडलात, ते या आखणीत सेरेंगेटीच्या बाजूला दिसणारच नाही. सेरोनेरात सिंह आणि बिबट्या बारमाही दिसतात, तो चौथा दिवस वाया जाणार नाही. पण तुम्ही ज्यासाठी चालला आहात ते वेगळं आहे.

मला खरं सांगायचंय ते इथेच. जुलै ते ऑक्टोबर कळप ज्या नदीपाशी असतात ती मारा नदी एकच आहे. ती मारातून वाहत सेरेंगेटीच्या उत्तरेत शिरते आणि पुढे व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. साधारण १३ लाख विल्डबीस्ट आणि दोनेक लाख झेब्रे पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे फिरतात, आणि या चार महिन्यांत ते नदी एकदाच नाही, तर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे अनेकदा ओलांडतात. त्याला वेळापत्रक नसतं. कळप काठावर तीन-तीन तास उभा राहतो, पुढची जनावरं पाण्याला तोंड लावतात, आणि काठावर गाड्यांची गर्दी झाली किंवा झुडपात काही हललं की सगळा कळप मागे फिरतो. म्हणून नदीपाशी रात्री किती, यावर सगळं ठरतं. दोन रात्रींत हुकण्याची शक्यता मोठी आहे, चार रात्रींत बरीच कमी. सीमा ओलांडण्यात घालवलेला दिवस तुम्ही नदीवरून काढून घेतलेला असतो, आणि पलीकडे जाऊन बघायचं काय, तर तीच नदी.

ऑगस्टच हवा असेल तर एक बाजू निवडा. केनिया निवडलात तर मारा ट्रँगलमध्ये किंवा तलेकच्या बाजूला चार रात्री राहा आणि उरलेले दिवस नाकुरू किंवा अंबोसेली उद्यानाला द्या. ट्रँगलमध्ये एका प्राण्यापाशी पाचपेक्षा जास्त गाड्या थांबू द्यायच्या नाहीत असा नियम आहे आणि तो पाळायला लावतात, म्हणून माझा कल तिकडे. टांझानिया निवडलात तर कोगाटेंडेला तीन-चार रात्री, आणि जाताना तारांगीरे उद्यान. ऑगस्टमध्ये तारांगीरे नदीवर हत्तींचे जे कळप उतरतात, ते या सगळ्या भागात मला सर्वांत आवडतं दृश्य आहे.

खर्च फुगवलेला वाटला, म्हणून फक्त प्रवेशाचे आकडे मांडतो. निवास, गाडी आणि विमान वेगळं. मारात २०२४ पासून परदेशी प्रौढ व्यक्तीला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. हे २४ तासांचं तिकीट नाही, सकाळी सहा ते संध्याकाळी सहाचं आहे. आत राहिलात तर निघण्याच्या दिवशी दहाच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. सेरेंगेटीत ७० डॉलर आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ८२.६० डॉलर, हे २४ तासांचं आणि एकदाच आत जाण्याचं. उद्यानाच्या आतल्या हॉटेलात राहिलात तर रात्रीमागे माणशी ७०.८० डॉलर 'कन्सेशन फी' वेगळी. म्हणजे उद्यानात हॉटेल चालवण्याच्या परवानगीचा भार पाहुण्यावर येतो. आता ऑगस्टमध्ये मारात तीन दिवस ६०० डॉलर, सेरेंगेटीत तीन दिवस-रात्री ४६०.२० डॉलर, एकूण माणशी १०६०.२० डॉलर, आणि हे गोरोंगोरो धरण्याआधी. तिथे माणशी ७०.८० आणि विवरात उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला २९५ डॉलर. तुमच्या सहलीच्या दरात हे सगळं धरलंय का, हे लेखी विचारा. निघायच्या आधी दरही ताजे बघून घ्या, ते बदलत असतात.

फेब्रुवारीत जायचं कशाला, याचं उत्तर मला आनंदाने द्यावंसं वाटतं. तेव्हा दोन्ही उद्यानं खरोखर वेगळी असतात. कळप दक्षिणेला न्डुटूच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतात. ओल डोइन्यो लेंगाई आणि आसपासच्या ज्वालामुखींच्या राखेतून तयार झालेली ही माती कॅल्शियम आणि फॉस्फरसने संपन्न आहे, आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पिल्लं जन्मतात. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहतं, आणि चित्ते, तरस, सिंह आसपासच असतात. गवत आखूड असल्यामुळे सगळं उघड्यावर दिसतं. मारात त्याच वेळी गर्दी नसते, प्रवेश निम्म्या दरात, आणि तिथले रहिवासी सिंह, हत्ती आणि रानम्हशी जागेवरच असतात. तेव्हा सीमा ओलांडण्याचा त्रास सार्थकी लागतो, कारण पलीकडे दुसरंच काही बघायला मिळतं.

फेब्रुवारीची आखणी एकाच दिशेने करा: मुंबईहून नैरोबी, परत किलिमांजारो विमानतळावरून. नैरोबीहून नारोकमार्गे माराचं सेकेनानी गेट पाच-साडेपाच तासांवर. दोन रात्री त्या बाजूला, मग मारा नदीवरचा पुरुंगाट पूल ओलांडून तिसरी रात्र ट्रँगलमध्ये, म्हणजे चौथ्या सकाळी सीमा जवळ पडते. त्या रात्री सेरोनेराचा हट्ट न धरता न्डाबाकाजवळ मुक्काम. मग पश्चिम पट्ट्यातून सेरोनेरा, तिथून नाबी हिलवरून न्डुटूला दोन रात्री, शेवटी गोरोंगोरो आणि अरुषा. नैरोबीतल्या पहिल्या रात्रीसकट नऊ-दहा रात्री. न्डुटूला एक गोष्ट सांभाळा. सेरेंगेटी आणि गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राची हद्द तिथल्या मैदानातूनच जाते, पण खुणा दिसत नाहीत. गोरोंगोरोच्या बाजूला हंगामात रस्ता सोडून गाडी नेता येते, सेरेंगेटीच्या बाजूला नाही, आणि दोन्हींचे परवाने वेगळे. चालकाकडे दोन्ही बाजूंचे कागद नसले तर दंड होतो.

आपल्याकडच्या सुट्ट्यांचंही सांगतो, कारण बऱ्याच जणांना फेब्रुवारी जमतच नाही. दिवाळीत कळप मारातून निघून दक्षिणेला वळत असतात, दर मात्र डिसेंबरपर्यंत २०० डॉलरच. तेव्हा दोन उद्यानांच्या फंदात पडू नका. मे महिना स्वस्त, पण पावसाचा. मारात काळी कपाशीची माती आहे, विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखीच. ओली झाली की चाकाला गोळे धरतात आणि मिनीबस जागेवरच फिरत बसते. मे महिन्यात जायचं तर फोर व्हील ड्राइव्हची लँड क्रूझरच घ्या, छत उघडणारी मिनीबस नको.

कागदपत्रांत चुका होतात त्या ठरलेल्याच. केनियासाठी ई-टीए (आधी ऑनलाइन काढायची प्रवास परवानगी) आणि टांझानियासाठी वेगळा ई-व्हिसा लागतो. 'ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा' केनिया, युगांडा आणि रवांडाचा आहे, त्यात टांझानिया नाही. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्या. केनियातून टांझानियात शिरताना आणि भारतात परतताना या लसीचा पिवळा दाखला मागतात, तो नसला तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. बरोबर साठीपुढचे आई-वडील असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, त्या वयात ही लस सरसकट देत नाहीत. चिवडा-चकल्या स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा, दोन्ही देशांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. पश्चिम पट्ट्यात त्सेत्से माश्या चावतात आणि त्या गडद निळ्या-काळ्या कपड्यांकडे येतात, म्हणून जीन्स घरी ठेवा.

आता तुमच्या एजंटला तीन प्रश्न विचारा. सीमा कुठे ओलांडणार? पलीकडे कुठल्या नंबरप्लेटची गाडी असेल? तिसऱ्या दिवशी न्डाबाका गेटला किती वाजता पोचणार? उत्तर "सँड रिव्हरमधून" किंवा "तीच गाडी शेवटपर्यंत" असं आलं, तर आगाऊ रक्कम देऊ नका. नीट उत्तरं मिळाली तर ती इथे टाका. ऑगस्टच्या तारखा पक्क्या असतील तर सेरोनेराच्या जागी नदीपाशी रात्री कशा वाढवता येतील, ते आपण दिवसागणिक बसवू.